इंजिनाखालचे रबर

घरातली सर्वांत उपेक्षित वस्तू कोणती, असे सहा महिन्यांपूर्वी मला कुणी विचारले असते, तर मी बेधडक पायपुसण्याचे नाव घेतले असते. आता घेणार नाही. आता माझे मत मोटारीच्या इंजिनाखालच्या रबराला!

आमच्या दारात पद्मिनी आहे. अण्णांनी ती १९८४ साली घेतली. नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर ती घरी आली, तेव्हा आळीत पेढे वाटले होते म्हणे. गेल्या वर्षी तिचे इंजिन धूर सोडू लागले आणि पेट्रोलच्या जोडीने ऑइलही पिऊ लागले. धाकट्या भावाने फोन करून भंगारवाल्याचा भाव कळवला. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे फडके घेऊन बॉनेट पुसताना दिसले. भंगाराचा विषय तिथेच संपला.

आमच्या मिस्त्रींनी तोडगा सुचवला. पद्मिनीच्याच कंपनीने १९८५ साली ११८ एनई नावाची गाडी काढली होती. तिला निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन असे. पद्मिनीचे मूळचे १०८९ सीसीचे. "एका ११८ एनईचे इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतंय, सर. बसवून टाकू." इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो, म्हणून आधी आरटीओची परवानगी आणि मग पाना, एवढी अट मी घातली. कागद झाले की काम झाले, असा माझा समज. पण इंजिन दोन दिवसांत गॅरेजात आले आणि ते बसवायचे कशावर, हे ठरायला दीड महिना गेला!

इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट ठेवत नाहीत. पुढे दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक, अशा तीन ठिकाणी ते लोखंडाला घट्ट जोडलेल्या रबरावर टेकते. यांना माउंटिंग म्हणायचे. गॅरेजातला शब्द 'फाउंडेशन'. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी नुसती उभी असताना मिनिटाला ८०० फेरे धरले, तरी सेकंदाला जवळजवळ २७ धक्के झाले. ते सारे या रबराने पोटात घालायचे. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका कुशीवर कलू पाहते. तेही यानेच आवरायचे. नव्या इंजिनाचे कान आणि सांगाड्यावरच्या जागा जुळत नव्हत्या, तेव्हा मधले ब्रॅकेट नवे करणे भागच होते. प्रश्न होता त्यावर घालायचे काय?

आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, पॉलियुरेथेन घाला. शर्यतवाले तेच वापरतात. इंजिन हलतच नाही." तेल लागून रबर फुगते, मऊ पडते, याला त्याची फारशी बाधा नाही, हेही त्यांनी ऐकवले. इंजिन हलू नये यापेक्षा आणखी काय हवे? मी मान डोलावली.

पहिल्या फेरीला अण्णा शेजारी बसले. पहिल्याच सिग्नलला दारे थरथरू लागली आणि आरशात मागची एक बस दोन दिसू लागली. इंजिन हलत नव्हते. त्याच्याऐवजी आम्ही हलत होतो. अण्णांच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले आहे. दुसऱ्या सिग्नलला ते शांतपणे म्हणाले, "गाडी उत्तम झाली आहे. मला तेवढी इथून रिक्षा बघून दे."

भंगारवाल्याला नकार देणारा माणूस स्वतःच्या गाडीतून उतरून रिक्षात बसला. त्या रिक्षामागून रिकामी पद्मिनी घरी आणताना मला जे वाटले, ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन म्हटले, "मिळेल तेवढे मऊ रबर घाला." मिस्त्री हसले. "सर, मऊ घातलं तर चढावर इंजिन उड्या मारील. पंखा रेडिएटरला लागेल."

त्या रात्री याच विषयावर वाचत बसलो. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लरने प्लिमथ गाडीत इंजिनाचा तोल पाहून रबराचे टेकू दिले आणि त्याला 'तरंगती शक्ती' अशा अर्थाचे नाव ठेवले. फ्रान्सच्या सित्रोएनने ती युक्ती उचलली आणि खूण म्हणून चक्क हंस निवडला! पण दुसरी बाजूही आहे. १९७१ साली जनरल मोटर्सला ६७ लाख शेव्हरोले गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. माउंटिंग तुटले की इंजिन उचलले जाई आणि ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन गाडी आपणहून वेग घेई. थोडक्यात, इंजिनाला थरथरू द्यावे, पण उठू देऊ नये.

शेवटी आम्ही मध्यम कडकपणाचे, या इंजिनाचे वजन पेलणारे साधे रबर घेतले. रबर फाटलेच तरी लोखंड लोखंडात अडकून इंजिन जागीच राहील, अशा घडणीचे. मिस्त्रींनी इंजिनाचा कल मागच्या डिफरन्शियलशी जुळवला. तो चुकला तर प्रोपेलर शाफ्ट गुरगुरतो. बोल्ट आधी सैलच ठेवले, इंजिन हलवून आपल्या वजनाने बसू दिले आणि मगच आवळले, म्हणजे रबराला पीळ राहात नाही. शेवटी इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची जाड पट्टी जोडली, कारण रबरातून वीज जात नाही.

दसऱ्याला पूजा करून आम्ही जेजुरीला निघालो. दिवे घाटाच्या चढावर माझे कान इंजिनाकडे होते आणि डोळे अण्णांच्या चेहऱ्याकडे. त्यांना डुलकी लागली होती.

परत आल्यावर दारात गाडी उभी असताना ते म्हणाले, "जरा मला बसू दे." ते चालकाच्या जागी बसले. डावा हात सवयीने स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा शोधायला गेला. तो आता खाली जमिनीवर आहे. हात क्षणभर तसाच राहिला, मग मांडीवर आला.

"इंजिन चालू आहे ना रे?" त्यांनी विचारले.

"चालू आहे, अण्णा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.