दहा फुटांवरची रिंग

शाळा निवडा म्हणता? निवडायला दोन तरी लागतात, बापहो.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. धाकटा भाऊ गावी, आष्टी तालुक्यात, आठवीत. ताडमाड वाढलाय. त्याला बास्केटबॉल पायजे आन् गणितबी. जिल्ह्यात एका शाळेत दोन्ही आहे. पंचवीस टक्क्यांत घ्या म्हणालो, तर कारकून हसला, ‘ते पहिलीला, अन् आठवीपर्यंतच.’

खरंय. २००९ चा कायदा आठवीच्या उंबऱ्यावर आमच्या पोराचा हात सोडतो. नववीपासून फी. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर. फी काय वाढ्यांच्या पेंड्यांत घेणार?

त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान लिहिलंय. गावच्या शाळेचं मैदान म्हंजे बाभळी.

मग लगेच अविनाश साबळे दाखवतात. मांडव्याचा, आमच्याच तालुक्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमात स्टीपलचेसचं रौप्य. पण ती शर्यत त्याला शाळेत नाय, महार रेजिमेंटमधी गेल्यावर गवसली. पळायला निदान रस्ता असतो. रिंग दहा फुटांवर कुणीतरी ठोकावी लागते, साहेब!

भावाची फी मी धाडीन, डबल पाळी करून. त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांची कोण धाडणार? कायद्यातली ‘आठवी’ खोडा. ‘बारावी’ लिहा.