परवानगी शाळेला, पगार कोणाच्या खिशातून?

शाळा काढू इच्छिणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१२च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळा कायद्याने दार उघडले. २०१७च्या दुरुस्तीने ते कंपन्यांसाठीही खुले झाले. कळीची अट अशी की, शासनाकडे अनुदान मागायचे नाही. मुंबई-पुण्यात ही अट फारशी जाचक ठरत नाही, कारण तेथे शुल्कातून शिक्षकांचा पगार निघू शकतो. वाशीम जिल्ह्याचे गणित वेगळे आहे. तेथील पालकाच्या हाती पैसा येतो तो बहुतांशी सोयाबीन आणि तुरीतून. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कितीतरी कमी दर मिळाला. अशा वर्षी शुल्क थकते आणि संस्थाचालकाची कात्री प्रथम शिक्षकाच्या मानधनाला लागते.

खासगी व्यवस्थापनाचा विषय निघाला की अमेरिकेतील चार्टर शाळांचे नाव घेतले जाते. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने त्यांचा पहिला कायदा केला, हे खरे. मात्र तेथे विद्यार्थ्यामागे सरकारी पैसा शाळेला मिळतो. आपण स्वायत्ततेचा अर्धा भाग घेतला, पैशाचा सोडला.

हा अनुभव नवा नाही. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' शाळांचे धोरण आले, २००९ मध्ये त्यातील 'कायम' शब्द वगळला गेला आणि पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळण्यास २०१६ उजाडले. तोवर कित्येक शिक्षकांची उमेदीची वर्षे बिनपगारी वा नाममात्र मानधनावर सरली.

दरम्यान, शिक्षकाकडून अपेक्षा वाढतच गेल्या. राज्यात २०१३ पासून टीईटी घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. गुणवत्तेसाठी परीक्षा हवीच. पण ती उत्तीर्ण होण्याचे बक्षीस काय? प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर नेण्यास २०२३ साल लागले, आणि ही वाढही स्वयंअर्थसाहाय्यित शाळेतील शिक्षकाच्या वाट्याला आली नाही.

आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतील कर्मचाऱ्यांना राज्य शासन २००२ पासून प्रोत्साहन भत्ता देते. २०१८ मध्ये केंद्राने वाशीमला आकांक्षित जिल्हा ठरवले. रिसोड वा मानोऱ्यात टिकून राहणाऱ्या पात्रताधारक शिक्षकासाठी, मग तो कोणत्याही शाळेतला असो, याच धर्तीचा भत्ता सुरू करण्यास शासनाला नवा कायदा शोधावा लागणार नाही. अर्थसंकल्पात एक तरतूद मात्र करावी लागेल.