दुर्मीळ काय : जंतू की प्रयोगशाळा?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली. औषधांचा तुटवडा, अपुऱ्या खाटा, रिक्त पदे यांवर चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. त्या मृत्यूंची कारणे निरनिराळी होती. ती एकाच रोगाच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु त्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तात नेमका कोणता जंतू शिरला आहे, हे मराठवाड्यातील गरीब माणसाच्या बाबतीत वेळेवर कळते काय?

नायगाव तालुक्यातील शेतमजुराला ताप भरला की पुढे काय घडते, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. मजुरी बुडू नये म्हणून दोन दिवस अंगावर काढले जातात. मग एक इंजेक्शन, एक सलाईन. एकट्याने फारसा भरवसा ठेवता येऊ नये अशी विडाल चाचणी होते आणि ‘टायफॉईड’ असा शिक्का बसतो. ताप उतरत नाही, औषध बदलते. शेवटी सुमारे पन्नास किलोमीटरवरचे नांदेड गाठावे लागते. तोवर दोन-तीन प्रतिजैविके पोटात गेलेली असतात. त्यानंतर काढलेल्या रक्तात जंतू वाढला नाही, तर त्यात नवल ते काय?

रक्तातील संसर्गाचा छडा लावण्याची खरी पद्धत म्हणजे ब्लड कल्चर. औषध सुरू करण्यापूर्वी, त्वचा नीट निर्जंतुक करून, दोन वेगळ्या जागांहून पुरेसे रक्त घ्यावयाचे आणि पोषक द्रवाच्या बाटल्यांत घालून उबवावयाचे. जंतू वाढला की ग्रॅम रंजन, मग तबकडीवरील वाढ, मग ओळख, आणि कोणते औषध लागू पडते याची तपासणी. मोठ्या शहरांत मॅल्डी-टॉफ नावाचे यंत्र जंतूच्या प्रथिनांचा ठसा पाहून काही मिनिटांत नाव सांगते. परंतु यंत्राला आपल्या संग्रहातले ठसेच ओळखता येतात. अनोळखी जंतूपुढे ते मौन पाळते, किंवा त्याच्या चुलतभावाचे नाव देते. त्वचेवरून बाटलीत आलेला उपरा कोणता आणि रुग्णाचा खरा वैरी कोणता, हा निवाडा अखेर जाणत्या माणसालाच करावा लागतो.

मेलिऑयडोसिस या रोगाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅली, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. चिखलात अनवाणी राबणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून तो शरीरात शिरतो. मधुमेह असलेल्यांना विशेष गाठतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी रंगूनमधील निराधारांच्या शवविच्छेदनातून १९१२ साली त्याचे वर्णन केले. मुंबईतील एका बालरुग्णाची नोंद १९९१ साली प्रसिद्ध झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो आणि ८९,००० दगावतात. यातील ४४ टक्के भार दक्षिण आशियावर आहे. जेन्टामायसिन त्याला सहसा लागू पडत नाही. सेफ्टाझिडिम वा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा-चौदा दिवस आणि पुढे सुमारे तीन महिने गोळ्या, असा उपचार लागतो. प्रयोगशाळेने ‘स्यूडोमोनास’ किंवा ‘बाहेरून आलेला जंतू’ असे लिहून कागद पुढे सरकवला, की रुग्णाचे भवितव्य ठरते.

आणि हा जंतू ओळखावयास नेहमीच महागडे यंत्र लागते असेही नाही. ऑक्सिडेज चाचणी होकारार्थी, जेन्टामायसिन व कोलिस्टिन यांना दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला नमणारा ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू दिसला, की संशय घ्यावा. यासाठी लागतात त्या चार साध्या वस्तू आणि एक शिकलेली नजर. कर्नाटकात उडुपी-मणिपाल परिसरात या रोगाचे रुग्ण सातत्याने सापडले, कारण तेथील प्रयोगशाळेने ते शोधले. शोधणारा नसेल तेथे रोग दुर्मीळच राहणार! गरिबांच्या बाबतीत ‘दुर्मीळ’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘न मोजलेला’ एवढाच असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. जेथे डॉक्टरची जागाच भरलेली नाही, तेथे दुर्मीळ जंतूंवर पैसा खर्चणे ही चैन नव्हे काय? वस्तुतः दुर्मीळ जंतूसाठी वेगळी बाटली लागत नाही. ज्या बाटलीत टायफॉईडचा जंतू वाढतो, क्लेब्सिएला वाढतो, त्याच बाटलीत हाही वाढतो. खर्च एकच, लाभ सर्वांना. उलट निदानावाचून दिलेली भारी प्रतिजैविके कुटुंबाला कर्जात लोटतात आणि जंतूंना निगरगट्ट करतात. एका रुग्णाच्या निदानातून मिळालेले ज्ञान पुढच्या शंभरांच्या उपयोगी पडते. असे ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे. बाजार ती निर्माण करीत नाही, कारण तिची किंमत कोणा एकाकडून वसूल करता येत नाही. म्हणूनच ही जबाबदारी शासनाची ठरते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. तालुक्याच्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात ब्लड कल्चरच्या बाटल्या आणि रक्त काढण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. या बाटल्या शीतपेटीत ठेवावयाच्या नसतात, त्वरेने पोचवावयाच्या असतात. नायगावहून नांदेडला जाणारी एसटी हे काम त्याच दिवशी करू शकेल. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची आणि तंत्रज्ञांची पदे कायम स्वरूपात भरली जावीत, आणि घातक जंतू हाताळणाऱ्यांना सुरक्षेची साधने मिळावीत. अहवाल रुग्णाच्या डॉक्टरपर्यंत पोचावा आणि जिल्ह्याचा वार्षिक ताळेबंद लोकांसमोर यावा.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे : गेल्या महिन्यात किती तापकऱ्यांचे रक्त कल्चरसाठी गेले, आणि उत्तर किती दिवसांनी आले? कशामुळे मरतो आहोत हे जाणण्याचा हक्क शेतमजुरालाही आहे. तो हक्क त्याच्या खिशातील पैशांवर अवलंबून राहता कामा नये.