झरीचा निकष

डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर आलेला पर्यटक वारली चित्र विकत घेतो आणि त्या पैशाने एखाद्या आदिवासी घरातली चूल पेटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने रेखलेला पालघट देवीचा चौक हॉटेलच्या भिंतीवर निव्वळ नक्षी होऊन उरतो.

तलासरी तालुक्यातील झरी गावी मे १९४५ मध्ये किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' शिकवताना आपण तो लढा सांगतो; पण त्याचा निकष पर्यटनाला लावत नाही. आपल्या श्रमाचे मोल कोणी ठरवायचे, हा झरीचा प्रश्न होता. चित्राची किंमत आणि जागा चितारणारा ठरवत असेल, तर पाहुण्याचे स्वागतच आहे. अन्यथा सावकाराच्या जागी गिऱ्हाईक आले, एवढेच.