म्हातारा बॉण्ड चालतो, म्हातारी मनीपेनी नाही

'अ व्ह्यू टू अ किल'ची क्लिप दर थोड्या दिवसांनी कोणीतरी फिरवतं. रॉजर मूर धावतोय, खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. 'आजोबा, गुडघे सांभाळा!' १९८५ साली सिनेमा आला तेव्हा मूर ५७ वर्षांचा होता, आणि अवघड उड्या त्याच्याऐवजी दुसरेच मारत होते, हे लपतही नाही. हसा की. तो स्वतःही त्यावर विनोद करायचा. नायिकेच्या आईपेक्षा आपण वयाने मोठे आहोत, हेही त्यानेच पुढे सांगून टाकलं.

पण तुम्ही चुकीच्या माणसाला हसताय.

मूर काही बॉण्ड करता करता म्हातारा झाला नाही, तो आलाच उशिरा. शॉन कॉनरी १९७१ मध्ये ४१ व्या वर्षी बाहेर पडला आणि त्याच्या जागी १९७३ मध्ये आला ४५ वर्षांचा मूर. म्हणजे धाकट्याच्या खुर्चीत थोरला. तेव्हा निर्मात्यांना वय खुपलं नाही. पुढे १२ वर्षांत ७ सिनेमे केले, तेव्हाही नाही.

आता मनीपेनीकडे बघा. लोइस मॅक्सवेलचा जन्म १९२७ चा, मूरचाही १९२७ चाच. लंडनच्या नाट्य अकादमीत दोघं एकाच काळात शिकत होते. १९६२ पासून १४ सिनेमे ती त्या टेबलामागे बसली. बॉण्डने यायचं, टोपी फेकायची, गोड बोलायचं आणि निघून जायचं. कोणाबरोबर? तर जिची आई त्याच्यापेक्षा लहान आहे अशा मुलीबरोबर. समवयस्क बाई चेष्टेपुरती, प्रेमापुरती कधीच नाही. १९८५ नंतर दोघंही गेले. नवा बॉण्ड टिमोथी डाल्टन ४१ चा, नवी मनीपेनी कॅरोलाइन ब्लिस पंचविशीतली. नायकाला चाळिशी माफ, टेबलामागच्या बाईला तीही नाही!

'पडद्यावर स्वप्न विकतात, वयाचे दाखले कसले मागता?' असं कोणी म्हणेल. बरं, स्वप्नच. पण मग ते कायम पुरुषाचंच का?

आणि चिडचिड याची होते की याच सिनेमात उत्तर सापडलं होतं. बॉण्ड स्टेसीच्या घरी थांबतो, असेल त्यात काहीतरी रांधून तिला खाऊ घालतो. ती झोपते. तो तिच्यावर पांघरूण घालतो आणि बंदूक घेऊन खुर्चीत राखण करत बसतो. बस्स. थकलेला, सभ्य, जागा राहिलेला माणूस. पूर्ण सिनेमात मूर एवढा शोभून कुठेच दिसत नाही. त्या खुर्चीत त्याचं वय त्याला जड होत नाही, उलट कामी येतं.

हा बॉण्ड त्यांनी पुढे न्यायला हवा होता. त्यांनी काय केलं? शेवटी त्याला त्याच मुलीबरोबर शॉवरखाली उभं केलं.