पाटीवरचा आकडा आणि कामगाराची मान

गुरू सिंह राशीत आला की गोदावरीकाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो आणि कावेरीकाठी कुंभकोणमला महामहम. मागील खेपेस नाशिकचा मेळा २०१५ साली आणि कुंभकोणमचा २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाला. यापुढची पाळी नाशिकला २०२७ ची व कुंभकोणमला २०२८ ची. दोन्हीकडे लाखो यात्रेकरू रेल्वेने येतात. जादा गाड्या, जादा दिवे, पाण्याचे पंप, मंडपातले पंखे, तात्पुरती तिकीटघरे यांची मोठी तयारी होते. या सगळ्याचा भार अखेर स्टेशनमागच्या तारेच्या कुंपणात उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर पडतो. एरवी त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो जळाला की मात्र चौकशी बसते आणि पहिला मेमो टेक्निशियनच्या व खलाशाच्या हातात पडतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरवरची पाटी वाचता येणे ही केवळ इंजिनिअरसाहेबांची विद्या नाही. ती कामगाराची ढाल आहे.

उदाहरणादाखल १०० केव्हीएचा, ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊ. पाटीवर किलोवॅट न लिहिता केव्हीए का लिहितात? कारण ट्रान्सफॉर्मर तापतो तो त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने. तो प्रवाह सगळा कामी लागला की काही नुसताच फिरला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १०० केव्हीएमधून ८० किलोवॅटच काम मिळते. लो टेन्शनच्या बाजूला या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे १३३ अँपिअर. केव्हीएला १.३३ ने गुणा, अँपिअर मिळतील. एवढा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा.

आता फसगत कुठे होते ते पाहा. समजा एका फेजवर २०० अँपिअर आणि उरलेल्या दोन फेजवर ६०-६० अँपिअर आहेत. बेरीज ३२०. क्षमता तिन्ही मिळून ४००. कागदावर भार ८० टक्के, सारे आलबेल! प्रत्यक्षात पहिल्या फेजवर दीडपट भार आहे. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपट प्रवाहाला सव्वादोन पट उष्णता. मेळ्याच्या घाईत जवळची तार सापडली तिथे जोडणी दिली, की हेच घडते.

ट्रान्सफॉर्मर भाराने लगेच मरत नाही, हीच खरी अडचण आहे. आतला कागद उष्णतेने हळूहळू ठिसूळ होतो. सर्वात तापलेल्या जागेचे तापमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा सहा अंश वाढले, तर कागदाचे आयुष्य साधारण दुप्पट वेगाने सरते. म्हणून थंडीच्या रात्री जो भार चालून जातो, तोच तंजावर-कुंभकोणमच्या किंवा आपल्या भुसावळच्या उन्हाळ्यात चालेलच असे नाही. आज टाकलेल्या जादा भाराची शिक्षा दोन वर्षांनी ड्युटीवर असलेल्या माणसाला होते.

रेल्वेच्या ट्रॅक्शन सबस्टेशनात मात्र जादा भाराची सोय आधीच ठरवलेली असते, कारण तिथला भार गाडीगणिक चढतो-उतरतो. नेहमीचा २१.६ एमव्हीएचा ट्रॅक्शन ट्रान्सफॉर्मर २७,००० व्होल्टवर ८०० अँपिअर सतत देतो. दीडपट भार तो १५ मिनिटे व दुप्पट भार ५ मिनिटे सोसतो. यातला मिनिटांचा आकडा अँपिअरइतकाच महत्त्वाचा आहे. "मागे चालला होता" हे उत्तर चालणार नाही. किती वेळ चालला होता, ते सांगा. स्टेशनच्या व कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरबाबत हा प्रश्न कोणी विचारतच नाही. क्वार्टर्समध्ये कूलर आले, एसी आले, मोटारी वाढल्या. ट्रान्सफॉर्मर मात्र जुनाच राहिला.

अशा वेळी फ्यूज वारंवार उडतो आणि वरून फोन येतो, "काहीही करा, लाइट चालू करा." मग जाड तार बांधली जाते. बंधूंनो, फ्यूज खोडी काढायला उडत नाही. तो धोक्याची शिट्टी देतो. शिट्टीचे तोंड बांधल्याने गाडी थांबत नाही, अपघात होतो. तोंडी हुकूम देणारा चौकशीत हजर नसतो, तार बांधणारा असतो.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. मेळ्याच्या आधी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा भार संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी, तिन्ही फेजवर टाँग टेस्टरने मोजावा आणि रजिस्टरात नोंदवावा. लेखी मंजुरीशिवाय नवी जोडणी देऊ नये. मेळ्याच्या तात्पुरत्या भाराला वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा जनरेटर द्यावा. तेलाची पातळी व ब्रीदरमधले सिलिका जेल पाहायला, ते निळे आहे की ओल धरून गुलाबी झाले आहे हे तपासायला माणूस हवा. त्यासाठी रिकाम्या जागा भराव्यात. ठेकेदाराच्या शिकाऊ पोराला परमिटशिवाय एकट्याने वर चढवू नये. आणि ट्रान्सफॉर्मर जळाला, तर चौकशीत आधी भाराचे रजिस्टर मागवावे, मग कामगाराचा जबाब घ्यावा.

यातले निम्मे काम आपल्या हातातले आहे. प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या ट्रान्सफॉर्मरची पाटी उतरवून घ्यावी, शेजारी मोजलेला भार लिहावा आणि जिथे आकडा ओलांडला असेल तिथे प्रशासनाला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच असलेले पत्र चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहते. लोखंडाच्या यंत्राला किती ओझे झेपते हे कारखाना पाटीवर कोरून देतो. माणसाला किती झेपते ते कोरलेले नसते, ते संघटनेलाच सांगावे लागते.