बोहारणीची पारख

नवरात्र उलटलं की मुंबई-ठाण्याच्या घरांतून कपाटं उपसायला सुरुवात होते. पलंगावर तीन ढीग पडतात: ठेवायचे, टाकायचे आणि द्यायचे. पहिल्या दोहोंचा निकाल चटकन लागतो. सगळी भानगड तिसऱ्यात आहे, कारण टाकायला जीव होत नाही म्हणून बरंच काही हळूच ‘द्यायचे’कडे सरकतं. चेन बिघडलेली जीन्स, गळ्याशी विटलेला कुर्ता, कुणाच्या तरी लग्नापुरता शिवलेला टिकल्यांचा ब्लाऊज. मग त्या गठ्ठ्याला वाटा फुटतात. काही आश्रमाकडे, काही ‘माणुसकीच्या भिंती’वर, आणि काही गाडीच्या डिकीतून थेट दापोलीजवळच्या आपल्या मुरुडात, ‘तिकडे कुणाला तरी होतील’ या भरवशावर. हा ‘कुणाला तरी’ कोण, ते गठ्ठा बांधणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि बहुतेक वेळा गठ्ठा उतरवून घेणाऱ्यालाही नसतं.

पूर्वी हा तिसरा ढीग निवडायला एक जाणकार बाई घरी येत असे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन हाळी देत येणारी बोहारीण. मुंबईत हा धंदा बहुतांशी गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायकांचा. ती साडी हातात घेई आणि उजेडासमोर ताणून धरी. निऱ्यांच्या जागी विरली आहे का ते बघे, पदर उलटून बघे. शर्टाची कॉलर, काखा, पँटचं बूड, सगळीकडे तिचा अंगठा फिरे. जरीचा काठ दिसला की तिचा चेहरा एकदम कोरा होई. मुरलेल्या गृहिणी त्यावरूनच ओळखत की माल पसंत पडलाय. मग डबा की पातेलं यावर घासाघीस, ‘एक शर्ट आणखी टाका ताई’, उठून जाण्याचं नाटक, पुन्हा बसणं. ते कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून तिला पहाटेच्या बाजारात विकायचे असत. पारख चुकली तर फटका तिच्या पोटाला.

दानात नेमकी हीच तपासणी गळून पडली. आश्रमाच्या दारात कपडा कुणी उजेडासमोर धरत नाही. फुकट मिळतंय त्याला नाही कसं म्हणायचं, या संकोचात घेणारा असतो आणि देणारा तोवर हात झटकून मोकळा झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की बोहारणीने ज्यावर साधी वाटीसुद्धा दिली नसती, तो कपडा घेऊन संस्थेची पायरी चढू नये.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडेही तेच झालं. सगळं घर पाण्याखाली गेलेल्या बाईच्या हातात दुसऱ्याची विटकी साडी ठेवली, तर तिने ती बाजूला टाकली यात उद्दामपणा कुठे आला?

आपल्याकडचंही बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाताशी यायला सहा-सात वर्षं. तारीख मुद्दाम लिहिली, कारण मृग दारात होता. त्या घडीला कोकणातल्या घराला हवे होते पत्रे, कौलं, ताडपत्री, खिळे आणि झाडं कापायला करवत. छप्पर उडालेल्या घरात कपड्यांची पिशवी कोरडी ठेवायची कुठे? जाड जीन्स आषाढात चार-चार दिवस वाळत नाही, मग तिला कुबट वास येतो, शिवणीवर काळी बुरशी चढते. तुमच्या वातानुकूलित ऑफिसातला कोट इथे कितीही आपुलकीने दिला, तरी आगरात शिंपणं करताना घालायचा कसा?

हा गुंता काहींनी नीट सोडवला आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे आधी निवड होते: कुठला प्रदेश, कुठला ऋतू, कोण घालणार. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि कपडे मिळतात ते त्या कामाचा मोबदला म्हणून. अंगात घालण्याजोगं न उरलेलं सुती कापड धुऊन मासिक पाळीसाठी त्याच्या घड्या होतात. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात. बटणं, चेनी काढून, कापड पिंजून त्याचं पुन्हा सूत निघतं आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. म्हणजे फाटक्यालाही वाट आहे, फक्त ती गरिबाच्या अंगावरून जात नाही. आपल्या आज्यांना हे सांगावं लागत नव्हतं. नेसूचं लुगडं विरलं की त्याची गोधडी, मऊ तुकड्यांची बाळासाठी दुपटी, उरलेलं चुलीपाशी हातपुसणं.

मुंबईत द्यायचंच असेल तर आधी फोन करून विचारावं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे कर्करुग्ण नातेवाइकांसह उतरतात. अशा माणसाला काय लागतं? सलाईनचा हात सहज निघेल असा पुढून बटणांचा सुती सदरा, केस गेलेल्या डोक्याला मऊ रुमाल, सोबत आलेल्या माणसाला पांघरूण. यादी साधीच, पण विचारल्याशिवाय ती सुचत नाही. स्वतः गाडगेबाबा जन्मभर चिंध्या पांघरून हिंडले. लोकांना शिकवताना मात्र त्यांनी भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या लगोलग उघड्याला वस्त्र सांगितलं. चिंध्या त्यांनी स्वतःकडे ठेवल्या, हे आपण सोयीस्कर विसरतो.

मुरुडकरांना याहून जवळचा दाखला आहे. १८८० च्या दशकात मुंबईत शिकवून पोट भरणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला. शहरात कमावणाऱ्या गावकऱ्याने वर्गणी द्यायची आणि तो पैसा गावाच्या कामी लावायचा. पुढे १८९३ मध्ये पुनर्विवाह केला म्हणून याच गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. गावच्या दुर्गादेवीच्या साक्षीने आपण तेही केलेलं आहे. पण फंडाची कल्पना बघा. चाकरमान्याने द्यायचं ते पगारातून, कपाटाच्या मागच्या कप्प्यातून नव्हे. आज गावात कुणाच्या मुलीला कॉलेजसाठी दापोलीला रोज जायचं असेल, तर तिला तुमच्या मुलीचे पाच जुने ड्रेस हवेत की एसटीचा पास आणि एक नवा ड्रेस, हे तिलाच विचारलेलं बरं. उत्तर काय येईल याची मला फारशी शंका नाही.

हीच पारख या दिवाळी अंकालाही लावा. वाचून झालेला अंक वाचनालयाला द्यायला हरकत नाही, आम्हाला उलट आनंदच होईल. मात्र शब्दकोडं पेनाने सोडवलेलं असेल, पाककृतीचं पान फाडून घेतलेलं असेल आणि मुखपृष्ठावर चिवड्याचं तेल सांडलेलं असेल, तर तो कृपया रद्दीतच घालावा.